ढगी त्या कोल्ह्यावर भुंकत नाही

"माझी कुत्री टीव्हीतल्या कोल्ह्यासमोर रडते," शिंपीणबाई म्हणाल्या आणि ओशाळल्या. "असल्या कामासाठी कुणी तुमच्याकडे येतं का हो?"

"आणि बाकीच्या जनावरांसमोर?" अक्कानं विचारलं.

अक्का हरवलेली माणसं शोधून द्यायची. तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. दवाखान्याला सुट्टी असली की तो तिच्याबरोबर हिंडायचा आणि हमखास चुकीचा निष्कर्ष काढायचा.

"बाकीच्यांवर तुटून पडते. घोडा दिसला की टीव्हीच्या मागं जाऊन शोधते. मालिकेत बेल वाजली तरी आमच्या दाराकडे धावते. पण मुलांच्या कार्यक्रमातला तो कोल्हा..." 

अक्कानं बाईंपुढं पाणी ठेवलं.

"माझे यजमान कुठल्याही प्राण्याचा आवाज काढायचे. त्यांचा आणि दिरांचा स्टुडिओ आहे, सिनेमा-मालिकांना आवाज पुरवतात. गेल्या वर्षी दोघं भाऊ नदीवर गेले. हे एकटेच नावेत बसले, असं भावजी म्हणतात. नाव रिकामी सापडली. हे सापडलेच नाहीत."

दुपारी अक्का आणि डॉक्टर त्यांच्या घरी गेले. पडद्यांतून पिवळट उजेड झिरपत होता. शिवणयंत्रावर अर्धवट झगा पडला होता. राखाडी, गुबगुबीत ढगी गालिच्यावर पेंगत होती. घर जणू पाण्याखाली निजलं होतं.

टीव्हीवर जंगलाचा माहितीपट लागला. खराखुरा कोल्हा ओरडला, तशी ढगीनं उसळी मारून पडद्यावर पंजे आपटले.

"कोल्ह्यांशी वैर दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

मग मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. एका बाईच्या हातावर कोल्ह्याची बाहुली होती आणि मुलं फोन करत होती.

"कोल्होबा, माझ्या आजोबांसारखं शिंक ना! ते हत्तीसारखं शिंकतात," एक मुलगी म्हणाली.

कोल्होबा थरथरला आणि असा काही शिंकला की मुलगी खिदळत सुटली.

ढगी पोटावर सरपटत टीव्हीपाशी गेली. कान पाडून तिनं आवाजाच्या जाळीला नाक लावलं. शेपटी हलत होती आणि घशातून बारीक कण्हणं येत होतं.

"आता माझं नाव घे ना, कोल्होबा!"

कोल्होबा गप्प. "लाजला बाई आमचा कोल्होबा!" बाहुलीवाली घाईनं म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर ढगी दाराशी जाऊन बसली. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी अक्कानं बाहुलीवालीला गाठलं.

"मी नुसती बाहुली हलवते. आवाज दोघा भावांच्या त्या स्टुडिओतून थेट येतो," ती म्हणाली. "आधी कोल्ह्याला छान संवाद लिहिले होते. पण स्टुडिओवाले म्हणाले, तो बोलणार नाही, फक्त आवाज काढेल."

"आवाज काढणाऱ्याला पाहिलंत?"

"कधीच नाही. फार बुजरा आहे म्हणे."

दीर स्टुडिओच्या दारातच भेटले. मागं वर जाणारा अरुंद जिना होता. उजव्या बाजूचा कठडा झिजून काळा पडलेला, डाव्या बाजूचा मात्र नवाकोरा.

"आवाज दादाचाच आहे," दीर थकल्या स्वरात म्हणाले. "जुन्या टेपा वापरतो आम्ही. मुक्या जनावराला कळलं, एवढंच. वहिनींना उगाच आशा लावू नका."

"सुटलं कोडं!" परतताना डॉक्टर म्हणाले.

"मला एक सांग," अक्का म्हणाली. "मेंदूला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, तर वाचा जाते ना?"

"पुष्कळदा. शब्द हरवतात, लिहिताही येत नाही. पण गुणगुणणं, सूर, कधीकधी शाबूत राहतात. का गं?"

दुसऱ्या दिवशी अक्का शिंपीणबाईंना आणि ढगीला घेऊन स्टुडिओत गेली. दिरांचा चेहरा उतरला.

"ढगी सगळ्या जनावरांवर भुंकते, खऱ्या कोल्ह्यावरसुद्धा," अक्का म्हणाली. "म्हणजे तिला कोल्ह्याचं प्रेम नाही, त्या गळ्याचं आहे. इथवर तुम्ही खरं बोललात. पण टेप शिंकेल हो, फोनवरच्या मुलीनं सांगितल्याबरोबर हत्तीसारखी कशी शिंकेल? तिथं कुणीतरी ऐकत होतं. ऐकून उत्तर देत होतं."

डॉक्टरांनी जिन्याकडे मान वळवली.

"आणि सगळे आवाज काढणाऱ्या त्या गळ्यातून एका मुलीचं नाव निघेना. कोल्ह्याचे संवादही तुम्हीच काढून टाकलेत. का? तर त्याच्याकडे शब्दच नाहीत. चढताना त्याला डाव्या हातानंच आधार घ्यावा लागतो, म्हणून नवा कठडा. नदीकाठी तुमच्या दादाला मेंदूचा झटका आला तेव्हा जवळ तुम्ही होतात. नाव तुम्हीच मोकळी सोडलीत."

शिंपीणबाई दिरांकडे वळल्या. "भावजी?"

दीर जिन्याच्या पायरीवर बसले. "वहिनी, तुम्ही त्याला घरी नेलं असतंत. मग स्टुडिओत काय उरलं असतं? सगळे प्राणी त्याच्या गळ्यात, माझ्या हातात नुसती बटणं! वर्षभर मी त्याला माझ्या हातानं भरवलंय..."

"आणि त्यांना काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही घर सोडून गेलात म्हणून."

ढगीनं पट्टा हिसडला आणि ती जिना चढून गेली. पाठोपाठ बाई धावल्या. वरच्या खोलीत, माइकसमोर, दाढी वाढलेला एक माणूस खुर्चीतून उठायची धडपड करत होता. त्याचे ओठ हलले, शब्द आला नाही. बाईंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"मी कुठंही गेले नव्हते," त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या.

दिरांना पोलीस घेऊन गेले. जाताना त्यांनी एकदाच वर पाहिलं.

आठवड्यानं अक्का आणि डॉक्टर सहज चौकशीला गेले. बाई यजमानांना सूप भरवत होत्या. यजमानांचं मात्र अर्धं लक्ष खिडकीबाहेर, संथ उतरत्या उन्हाकडे.

यजमानांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"अ... अळणी."

चमचा बाईंच्या हातातून पडला. आधी त्या हसल्या, मग हुंदका आला, आणि पदरानं डोळे पुसतच त्या मीठ आणायला उठल्या.