कडेचं दिसणं

अंबरनाथ पूर्वेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी कडेची नजर तपासते. पेशंटने हनुवटी टेकवायची, यंत्राच्या पांढऱ्या वाडग्यातल्या मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटन दाबायचं. दाबलं की बीप वाजतं. लोकांना हा खेळच वाटतो.

त्या दुपारी आत आला तो महेश. माझ्या धाकट्या बहिणीचा, अंजनीचा नवरा.

अंजूच्या पिट्युटरीत गाठ होती. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे असलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी, पण अख्ख्या शरीरावर हुकूम तिचा. त्या गाठीने अंजूची पाळी थांबली आणि मूल नसताना अंगावर दूध येऊ लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा कॅन्सर नाही. अशी गाठ बहुतेक वेळा गोळ्यांनीच आक्रसते. नाहीच ऐकलं तर नाकातून दुर्बीण घालून काढता येते. पण बदलापूर गावात तिच्या सासूचं, बनूबाईचं, एकच तुणतुणं, "पोर नाय, मग दूध कुणाचं?" भगताने सांगितलं म्हणून सासूनेच अंजूच्या गोळ्या उल्हास नदीत सोडल्या. महेश मूग गिळून बसला.

गाठ वाढली, डोळ्यांच्या नसांवर तिचा दाब पडला आणि अंजूला दोन्ही कडांचं दिसेनासं झालं. ती दाराच्या चौकटींना धडकायची. रस्ता ओलांडताना महेशचा हात धरायला जायची, तर तो झटकायचा. लोक बघतात म्हणे. हे तिनेच मला रडत सांगितलं होतं. एक दिवस डावीकडून आलेला टेम्पो तिला दिसलाच नाही. ती जागीच गेली.

तेव्हापासून या माणसाचं वाटोळं व्हावं असं मी दर सोमवारी शिवमंदिरात मागते. लपवायचं कशाला?

"ताई, कडेचं काळं झालंय," तो म्हणाला. "एमआरआय काढला. डॉक्टर बोलले, गाठबीठ काय नाय."

रिपोर्ट मी स्वतः पाहिला. ग्रंथी अगदी निरोगी होती.

मी त्याला यंत्राशी बसवलं आणि दिवा मालवला. मधले दिवे त्याने बरोबर टिपले. दोन्ही कडांचे सगळे सुटले. अंजूचे सुटले होते तसेच.

मग एकही दिवा लागलेला नसताना बीप वाजलं.

पुन्हा वाजलं. मी तपासणी थांबवली. तरी त्याचा अंगठा दाबतच होता.

"दिवा नाहीये महेशराव. बटन कशाला दाबताय?"

"दिवा नाय, ताई. ती." त्याची नजर ठिपक्यावरच होती. "बाकी सगळं काळं. ती तेवढी दिसते. मान वळवली की पुन्हा कडेलाच जाते."

मला भीती वाटायला हवी होती. पण मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

मी दिवा लावला. त्याच्या शर्टावर छातीशी दोन ओले डाग होते. एसीत मला थंडी वाजत होती, तेव्हा घाम म्हणावा तर तोही नव्हता. खोलीत नासू लागलेल्या दुधाचा वास सुटला होता.

त्याने फाईल छातीशी धरली.

"आई विचारते, कुणाचं दूध." त्याने फाईल आणखी आवळली. "ताई, त्या गोळ्या मिळतील का?"

"गाठच नाही, तर कोण लिहून देणार?"

तो उठला आणि दाराच्या चौकटीला धडकला.

"रस्ता तरी ओलांडून द्या. हात धरा जरा."

"लोक बघतात," मी म्हणाले.

तो गेला. मी खिडकीशी उभी राहिले.

खाली रस्त्याच्या कडेला तो बराच वेळ थांबला. एकटाच होता.

मग त्याने डावा हात बाजूला केला. कुणीतरी धरल्यासारखी बोटं मिटली.

त्याने झटकायचा प्रयत्न केला. हात सुटला नाही.

त्याचं पाऊल रस्त्यावर पडलं. मी पडदा ओढला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.