राजाध्यक्षांचा डावा पाय

चहा गाळून झाल्यावर तृप्ती खिल्लारेनं गाळणी पातेल्याच्या काठावर तीनदा आपटली. टक, टक, टक. ही सवय तिच्या आईची नव्हती, वडिलांची नव्हती, तिची तर नव्हतीच. ती कॅप्टन दिनकर राजाध्यक्षांची होती, आणि त्या माणसाला तिनं आजवर पाहिलेलंही नव्हतं.

हेलिकॉप्टर चालवणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय, चौघांनी एकाच वेळी चार वेगळी कामं करायची. ते अंगात मुरेपर्यंत शेकडो तास हवेत काढायचे, आणि तासाचा भाव ऐकूनच सामान्य माणसानं मटकन खाली बसायचं. मग ‘हातपाठ’ आला. राजाध्यक्ष संवेदक लावलेले हातमोजे आणि बूट घालून नऊशे तास उडले, मधल्या चहालाही ते काढले नाहीत. त्यांच्या स्नायूंची हालचाल न् हालचाल नोंदली गेली. शिकाऊ माणसानं तसेच मोजे-बूट चढवायचे. विजेचे बारीक झटके त्याचे स्नायू ओढत राहायचे, पाढे घोकून घ्यावेत तसे. चाळीस तासांत वैमानिक तयार. आता गरिबाची पोरंही उडणार, म्हणून मंत्र्यांनी टाळ्या घेतल्या. दहा वैमानिकांचे हात घ्यायचे सोडून कंपनीनं एकाचेच का घेतले, हे कुणी विचारलं नाही. स्वस्त पडतात, म्हणून. देशात आज दोनशे बारा जण एकाच म्हाताऱ्याच्या हातापायांनी उडत होते.

आणि पोरांना ते तरी कुठं फुकट मिळालं? तृप्तीच्या फीसाठी आईवडिलांनी जालन्यातला फ्लॅट विकला आणि मामाच्या घरी एका खोलीत राहायला गेले. वैद्यकीय तपासणीत रक्तदाब जरा जास्त निघाला, तृप्तीचं एक वर्ष त्यात गेलं. ठरलेलं लग्न मोडलं. नवऱ्या मुलाला गडचिरोलीत राहणारी बायको नको होती. वडील गेले तेव्हा बदली वैमानिक मिळाला नाही. ती पोचली ती थेट तिसऱ्या दिवशी. अशी सात वर्षं. गडचिरोलीच्या तळावर एक हेलिकॉप्टर, एक वैमानिक. जंगलातून रुग्ण उचलायचा, रुग्णालयात सोडायचा, खोलीवर येऊन भात टाकायचा. कधीकधी आख्ख्या आठवड्यात तिच्या तोंडून दोनच शब्द निघत, ‘पट्टा बांधा.’

सातव्या वर्षी दोन हेलिकॉप्टरं पडली. दुसरं सलील पाध्येचं, तो हातपाठाच्या तिच्याच तुकडीतला. अहवाल रिवाजाप्रमाणे सगळ्या वैमानिकांना वाचायला आले. निष्कर्ष दोन्हीकडे तोच: वैमानिकाची चूक. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष फार सोयीचा. तृप्तीनं मात्र मागची आलेखांची पानं उघडली. दोन्ही वेळी वेग कमी, वारा मागून. शेपटीकडचा पंखा कमी पडतो आणि नाक उजवीकडे फिरू लागतं, अशा वेळी डावं पेडल ताबडतोब दाबायचं असतं. दोघांचाही पाय पाऊण सेकंद उशिरा गेला होता. तिनं स्वतःच्या उड्डाणांच्या नोंदी काढल्या. मागून वारा असला की पाऊण सेकंद. दर वेळी.

दोन दिवसांची रजा टाकून ती देवळालीला गेली.

राजाध्यक्षांनी स्वतःच दार उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चहा केला, गाळणी तीनदा आपटली, आणि तृप्तीकडे पाहून हसले.

“तूही आपटतेस?”

“हो सर.”

“बायको फार चिडायची यावर. आता चिडायलाही कुणी नाही.” त्यांनी कप पुढं केला. “बोल बाळ. एवढ्या लांबून चहाला नाही आलीस तू.”

तिनं तिन्ही आलेख टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा लावला नाही. बघायची गरजच पडली नाही.

“पाय,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तिशीत असताना एकदा घाईत जास्त दाबला. भेलकांडलो. शेजारी बसलेला माझा मित्र गेला, मी वाचलो. तेव्हापासून पाय आधी थबकतो, मग जातो.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही!”

“सांगितलं असतं तर लायसन्स गेलं असतं. उडण्याखेरीज मला काय येत होतं? मी वाऱ्याकडे पाठ करायचं टाळत आलो. निभलं.”

“तुमचं निभलं. आम्हाला नुसता पाय दिलात, वारा टाळायची अक्कल नाही दिलीत. सलील मेला, सर!”

म्हाताऱ्यानं आलेख एकावर एक रचून तिच्यापुढं सरकवले. मग म्हणाला, “तू बोललीस तर दोनशे बारा हेलिकॉप्टरं उभी राहतील. जंगलात माणसं मरतील, त्यांचं काय?”

“नाही बोलले तर आमच्यातला तिसरा मरेल.”

“आणि तुझं लायसन्स?”

तृप्तीनं आलेख पिशवीत भरले. सात वर्षं, आईची ती एक खोली, वडिलांचं न दिसलेलं तोंड. हे सगळं घालून तिनं एकच वस्तू मिळवली होती. निघताना राजाध्यक्षांनी तिचा हात हातात घेतला आणि सोडायला उशीर केला. जगात आपल्यासारखे हात असलेलं माणूस भेटलं, आणि तेही असं, या विचारानं तिला रिक्षात रडू आलं.

रजा संपली त्या सकाळी सात वाजता रेडिओवर हजेरी झाली. विदर्भातले अकरा तळ एकाच वाहिनीवर. नियंत्रक देशकर नाव पुकारणार, वैमानिकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘तंदुरुस्त’ म्हणायचं, की दिवस सुरू.

“खिल्लारे मॅडम?”

“नाही.”

“काय झालं? ताप?”

“पाय,” तृप्ती म्हणाली. “माझा डावा पाय मागच्या वाऱ्यात पाऊण सेकंद उशिरा जातो. सलीलचाही जायचा. हातपाठ घेतलेल्या प्रत्येकाचा जातो, मुळात राजाध्यक्ष सरांचाच तसा आहे. आलेख सगळ्यांना पाठवलेत. मी आज उडणार नाही.”

देशकर खाकरला. हजेरी थांबवायचा त्याला अधिकार नव्हता. त्यानं यादीतलं पुढचं नाव घेतलं.

“निनाद बोरकुटे?”

उत्तर आलं नाही. निनाद ऐकत होता. त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. यादीत त्याच्यानंतरचे आणखी सहा जणही ऐकत होते, सगळे हातपाठवाले. तृप्ती कानाला हेडफोन दाबून बसली. या माणसांनी राजाध्यक्षांचे हात घेतले होते, पाय घेतला होता, गाळणी आपटायची खोडसुद्धा घेतली होती. त्या माणसाचं चाळीस वर्षांचं गप्प बसणंही त्यांच्या अंगात उतरलं असेल का?

“बोरकुटे,” देशकरनं पुन्हा हाक मारली, “तंदुरुस्त आहात की नाही?”