दाराने आईला ओळखलं नाही

"ही व्यक्ती या घरातली नाही," दार म्हणालं.

दहा वर्षांची शाल्मली आत उभी होती आणि बाहेर तिची आई. आईने कुलपाच्या काचेवर पुन्हा बोट टेकवलं. दाराचा तोच थंड आवाज आला, "या बोटाला ठसे नाहीत. व्यक्ती अनोळखी आहे."

शाल्मलीच्या अंगावर काटा आला. माणसाचे ठसे जन्मभर बदलत नाहीत, असं शाळेत शिकवलं होतं. मग आईचा चेहरा घेऊन बाहेर कोण उभं होतं?

"अगं शालू, उघड ना!"

आवाज तर आईचाच होता. तिने आतून कडी काढली. आई जमिनीला पाय टेकवायला घाबरल्यासारखी, अलगद आत आली. शाल्मलीने तिचा हात धरला आणि चटकन सोडला. तळवा लालभडक होता, काचेसारखा गुळगुळीत.

आईला कॅन्सर होता आणि तिच्या गोळ्या फार्मासिस्ट सकीना मुल्ला द्यायच्या. शाल्मलीने त्यांनाच भिंतीवरच्या पडद्यावर बोलावलं.

"सकीनामावशी, ही... आईच आहे ना?"

मावशी हसल्या नाहीत. "आईच आहे, बाळा. हेमांगीताई, तळपाय दाखवा बघू."

तळपायांवर फोड होते.

"कधीपासून?"

"आठवडा झाला," आई पुटपुटली. "गोळ्या बंद कराल म्हणून बोलले नाही."

शाल्मलीला रडू फुटलं. मावशी तिला समजावू लागल्या, "कॅन्सरच्या पेशी (शरीर ज्यांचं बनतं ते सूक्ष्म घटक) भराभर वाढतात. हे औषध अशा वाढणाऱ्या पेशींना रोखतं. पण आपली कातडीही सतत नवी होत असते. औषधाला दोन्हींतला फरक नीट कळत नाही. मग कातडी सोलवटते, कधी ठसेही पुसट होतात. हा दुष्परिणाम (औषधाचा नको असलेला परिणाम) आहे. लपवला, तर जखमा चिघळतात आणि उपचारच अडतो."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या. मावशींनी मलम पाठवलं, गरम पाणी टाळायला आणि मऊ, सैल चपला घालायला सांगितलं. मलम शाल्मलीच लावायची.

फोड सुकले. डॉक्टरांनी मात्रा (औषधाचं प्रमाण) कमी करून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

"मावशी, फक्त कॅन्सरलाच ओळखेल असं औषध निघेल?"

"नेमकी औषधं निघतायत, आणखी निघतील. तरी रोज विचारणारं कुणीतरी लागेलच."

त्या संध्याकाळी शाल्मली आईजवळ बसली. "आज कुठे दुखतंय? खरं सांग."

आईने पाय पुढे केला. मग म्हणाली, "डाव्या टाचेला."

शाल्मलीने ते लगेच मावशींना कळवलं.