चार मिनिटांची स्पर्शनोंद

"मॅडम, या यंत्राच्या डोक्यात खरंच काही आहे, की नुसतंच मखर?"

प्रश्न ईश्वरी खैरनारचा नव्हता. दहावी 'ब'च्या मुलींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. पण विचारला तिनेच, नाशिकच्या संवादयंत्र प्रयोगशाळेत, आईबाबांच्या देखत! बाबांनी डोळे वटारले. परवाच त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. दहावीनंतरची शाखा सुचवणाऱ्या 'वाटाड्या' नावाच्या संगणकी पाटीने नऊ चाचण्यांत नऊदा एकच निकाल दिला होता : अभियांत्रिकी. शाखेचा अर्ज आज संध्याकाळी भरायचा होता.

डॉ. शलाका तांबट खळखळून हसल्या. "नुसतंच मखर! अगं, हा चाचणीपुरता नमुना आहे. पडदे खरे, बटणं खरी, बुद्धी अजून बसवायचीय. शेवटी काहीतरी दिसायला हवं म्हणून आम्ही अभियांत्रिकी लिहून टाकलं. साऱ्या वर्गाला तेच आलंय."

"अगंबाई, पेढे..." आई पुटपुटली.

"मग आठवडाभर ही पाटी आमच्या घरी कशाला ठेवली?" बाबा उखडले.

"नोंदीसाठी. यातली तेवढीच गोष्ट खरी चालते. बोट कुठे टेकलं, किती थबकलं, कुठून मागे फिरलं, हे पाटी इथल्या सर्व्हरला कळवते. तिथला नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम ते वेळेसकट टिपून ठेवतो. माणूस कुठे अडखळतो ते कळलं की नमुना सुधारता येतो. संमतीपत्रात सगळं लिहिलं होतं, खैरनार. खाली तुमची सही आहे."

"ते वाचतंय कोण!"

मॅडमनी भिंतीवर ईश्वरीच्या पाटीची स्पर्शनोंद उघडली. "प्रत्येक बोटाची लय वेगळी असते. इथे तीन लयी आहेत. सात चाचण्या एकाच घाईच्या बोटाच्या."

"मी आपली खात्री करत होतो," बाबा छताकडे बघत म्हणाले.

"ही एक माझी!" ईश्वरी उडी मारून भिंतीपाशी गेली. अभियांत्रिकीच्या पानावर तिचं बोट जेमतेम एक सेकंद होतं. 'माणसं अशी का वागतात?' हे पान तिने अकरा वेळा उघडलं होतं. तिला स्वतःलाच हसू आलं.

"मग नववी चाचणी कुणाची?" बाबांनी विचारलं.

नोंदीतली वेळ भर दुपारची होती, बाबा आणि ईश्वरी घरी नसतानाची. 'कुणी अडवलं नसतं, तर काय शिकला असता?' या प्रश्नावर बोट चार मिनिटं थांबलं होतं. नंतर उत्तर न देता पुढे गेलं होतं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ईश्वरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"बाबा, आज अर्ज मी भरणार. माझ्या बोटाने, एकदाच. कला शाखा, मानसशास्त्रासाठी. आणि आई, त्या चार मिनिटांत तुझ्या मनात काय होतं, ते तू मला घरी पोचेपर्यंत सांगणार आहेस. माझा अभ्यास तिथूनच सुरू."