पुंजारामाचा पेला

शेंगा आणि फुटाणे घ्यायला आलेला माणूस एवढा खुशीत कसा, असं दुकानदारानं विचारलंच. बद्रीनाथ नुसता मिशीतल्या मिशीत हसला. खुशी होतीच तशी. त्याचा लहानपणचा दोस्त भुजंग लढाई संपल्यावर कलकत्त्याहून परतूरला परत आला होता, आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीमध्ये तान्ही लेकरं निजवावीत तशा तीन बाटल्या निजवलेल्या होत्या.

भुजंग काही लढला-बिढला नव्हता, बरं का. तो अमेरिकन पलटणीच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होता. लढाई संपली, सोल्जर आपापल्या मुलखाला निघाले, आणि जाताना मेहेरबान होऊन त्यांनी ह्या बाटल्या त्याच्या हवाली केल्या. तिन्हींत त्यांच्याकडची एकाच जातीची दारू, बर्बन तिचं नाव, पण भट्ट्या वेगळ्या. एकीवर पुलाचं चित्र, दुसरीवर घोड्याचं, तिसरीचा कागद वाटेत निघून गेलेला. तिन्ही चाखायच्या आणि कोणती सरस ते ठरवायचं, एवढंच काम. असलं काम कुणाला जड जातं?

बद्रीनाथच्या घराला चांगलं प्रशस्त माळवद होतं. दिवस मावळायला दोघं शिडीनं वर चढले, घोंगडी अंथरली, कंदील ठेवला. पौषातली थंडी होती. आजूबाजूच्या शिवारात हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या, त्यांचा धूर वाऱ्यावर येत होता. खाली गोजरबाईनं, म्हणजे बद्रीनाथच्या बायकोनं, ठेचा वाटून दिला होता आणि वर काय चाललंय ते आपल्याला ठाऊकच नाही असं तोंडही करून ठेवलं होतं. मोठी शहाणी बाई.

पहिली बाटली उघडली, आणि वास नाकात शिरताच बद्रीनाथ सावरून बसला. हा काही मोहाच्या दारूचा वास नव्हता. काकवीचा होता, जळक्या लाकडाचा होता, आणि त्याच्या पोटात काहीतरी ओळखीचं होतं. भुजंगनं सांगितलं, ही मक्याची दारू. मका कुजवायचा, गाळायचा, आणि आतून जाळून काढलेल्या लाकडी पिपात वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचा. बद्रीनाथ हसून हसून लोटपोट. आपल्याकडं गुरांपुढं टाकतात त्या मक्याला एवढा मान! त्यानं पुन्हा वास घेतला. बराबर, भाजलेलं कणीस. आता तर त्याला ते कणीस डोळ्यांपुढं दिसायलाच लागलं.

पण त्याच्या त्या हसण्यात एक काटा होता, तो सांगायलाच पाहिजे.

माळवदावर पूर्वी दोघं नाही, तिघं बसायचे. तिसरा पुंजाराम. मोहाच्या हंगामात तीन गावांची दारू मागवायची, डोळे मिटून चाखायची, आणि निवाडा पुंजारामनं करायचा. तो पेला ओठाला लावायच्या आधी नाकाशी धरून एक लांब श्वास ओढायचा, आणि भट्टीचं गाव सांगायचा. कधी चुकला नाही. असा दोस्त हातचा जाऊ नये म्हणून बद्रीनाथनं आपली धाकटी बहीण नंदाबाई त्याला दिली. घर बोळाच्या पलीकडेच. आणि हा पठ्ठ्या लढाईत भरती होऊन ब्रह्मदेशात गेला, तो तिकडेच बेपत्ता झाला. तीन वर्षं झाली होती. त्याचे थोरले भाऊ काकासाहेब आता थकले होते. येत्या अमावस्येला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, पुंजाराम म्हणून त्याला अग्नी द्यायचा आणि विषय संपवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पानं आणूनही ठेवली होती. पुतळा जळाला की नंदाबाईचं कुंकू पुसलं जाणार. बद्रीनाथ भावकीच्या हातापाया पडून आला होता, पण कुणी ऐकलं नव्हतं.

तर पेले भरले. पिण्याआधी बोट बुडवून आपापल्या मेलेल्या माणसांच्या नावानं भुईवर थेंब उडवायचे, ही त्यांच्यातली जुनी रीत. जित्या माणसाच्या नावानं मात्र थेंब कधी पडू द्यायचा नाही. बद्रीनाथनं बापाच्या नावानं उडवला, आजाच्या नावानं उडवला. भुजंगनंही तसंच केलं. मग त्यानं पुन्हा बोट बुडवलं, डोळे भरून आले, आणि तो पुटपुटला, "पुंजाराम, घे रे बाबा..."

थेंब भुईवर पडला.

बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मेला म्हणून कुणी सांगितलं तुला? पण दोस्तावर हात कसा उचलणार? त्यानं तिसरा पेला घेतला, काठोकाठ भरला, घोंगडीवर पुंजारामच्या जागी ठेवला. तसाच उठून माळवदाच्या कडेला गेला आणि अंधारत चाललेल्या बोळाकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली.

"ये रे पुंजाराम! तुझा पेला भरलाय!"

खालून गोजरबाई कडाडली. तिन्हीसांजेला असं नाव घेऊन कुणाला बोलावतात का? हाकेला कोण ओ देईल याचा काही भरवसा असतो का? बद्रीनाथनं हसून सोडून दिलं. येऊन बसला, आणि दोघं पुन्हा कामाला लागले. पुलाची बाटली मवाळ, बोलघेवड्या पाहुण्यासारखी, असं ठरलं. बिनकागदाची तिखट. तिचा घोट गेल्यावर भुजंगनं ठेच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घोड्याच्या बाटलीवर मात्र वाद लागला. भुजंगला तिच्यात संत्र्याची साल लागत होती, बद्रीनाथला जुन्या गुळाची ढेप. दोघंही हटेनात. निवाडा करणारा पाहिजे होता.

तेवढ्यात शिडी करकरली.

कुणीतरी वर येत होतं. सावकाश. एक पायरी... दुसरी... दोघांचे पेले हातातच राहिले. कंदिलाच्या उजेडात आधी फेटा आला, मग खांदे, मग चेहरा.

पुंजाराम!

काय सांगू तुम्हाला! बद्रीनाथनं पोरासारखा हंबरडा फोडला आणि त्याला मिठी मारली. अंग थंडगार होतं, पण थंडीच होती ना तशी. भुजंग रडत होता, हसत होता, दोन्ही एकदमच. पुंजाराम गेला होता तसाच आला होता. तोच फेटा, तीच बंडी, एक केस पांढरा नाही. तो आपल्या जागी बसला.

"हाक मारली ना," तो म्हणाला. "म्हणून आलो."

बाकी काही विचारायचं कुणाला सुचलं नाही. बद्रीनाथनं तिन्ही बाटल्या त्याच्यापुढं मांडल्या. पुंजारामनं आपला पेला उचलला, नाकाशी धरला आणि श्वास ओढला... एवढा लांब, की कंदिलाची ज्योत वाकली. तशाच उघड्या बाटल्याही एकेक करून हुंगल्या. मग त्यानं निवाडा दिला. घोड्याची पहिली. तिच्यात संत्र्याची सालही हाय आणि गूळही हाय, दोघं उगं भांडून राह्यले. हाच तो! असा निवाडा दुसरं कोण करणार? भुजंगनं त्याच्या पाठीत दणका घातला.

मग घरभर, गल्लीभर नुसता कल्ला. नंदाबाई धावत आली, हातात भाकरीचा तुकडा आणि पाणी. नवऱ्यावरून ओवाळताना तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. काकासाहेब भर बोळात रडले. म्हणाले, आपण पापी, जित्या भावाला जाळायला निघालो होतो. पुतळ्यासाठी आणलेल्या त्या पळसाच्या पानांचं काय करायचं, तर बायकांनी तिथल्या तिथं पत्रावळी लावायला घेतल्या. उद्या सगळ्या आळीला जेवण! नंदाबाई नवऱ्याला घेऊन घरी गेली. किती वर्षांनी तिच्या बांगड्या अशा वाजल्या होत्या. बद्रीनाथला वाटलं, आता आपल्याला काही मागायचं राहिलं नाही.

भुजंग निघाला, आणि आवराआवर करायला बद्रीनाथ वर आला. पुंजारामचा पेला जागच्या जागी होता. काठोकाठ. त्यातला थेंबही कमी नव्हता. लेकानं आनंदात प्यायलाच नाही वाटतं, असं म्हणत त्यानं तो तोंडाला लावला.

पाणी. वास नाही, चव नाही, जाळ नाही. रंग तेवढा तसाच. त्यानं घोड्याची बाटली हुंगली. काही नाही. पुलाची, बिनकागदाची... काहीच नाही. आपलंच नाक गेलं म्हणावं, तर त्याच्या स्वतःच्या पेल्यात उरलेल्या घोटाला भाजल्या कणसाचा तोच झक्कास वास येत होता. मग विलायती दारू, उघडी राहिली, उडून गेली असेल, अशी मनाची समजूत घालून खाली येऊन झोपला. एवढ्या आनंदात असल्या गोष्टी कोण मनावर घेतो?

सकाळी तो स्टेशनाकडे गेला. रात्रीच तार करून बोलावलेले जालन्याचे पाहुणे जेवणाला येणार होते, त्यांना उतरवून घ्यायचं होतं. मनमाडची गाडी आली. पाहुणे काही दिसेनात. शेवटच्या डब्यातून मात्र काठी टेकत एक हडकुळा माणूस उतरला. अंगावर ढगळ खाकी कोट, डोक्याचे केस अर्धे पांढरे, अंगाला दवाखान्याचा वास. तो थेट बद्रीनाथसमोर येऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"वळखलं न्हाईस का रे? मी पुंजाराम."

बद्रीनाथच्या पायाखालची जमीन सरकली. आवाज तोच. हनुवटीवर लहानपणी बैलानं मारलेल्या शिंगाची खूण तीच. आणि त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं, की काल कंदिलाच्या उजेडात ती खूण आपल्याला दिसली नव्हती. पुंजाराम सांगत होता, जपान्यांच्या कैदेत होतो, मंग रंगूनच्या दवाखान्यात, हातानं लिहिता येत नव्हतं. नंदा बरी हाय ना? घरचे बरे हायेत ना? बद्रीनाथनं नुसतंच त्याचं गाठोडं उचललं आणि दोघं चालायला लागले.

बोळाच्या तोंडाशी पुंजाराम थबकला.

"एक गोष्ट विचारू? काल दिवेलागणीला तू मला हाक मारली होतीस का?"

"का...?"

"मनमाडच्या फलाटावर बसलो होतो. तुझा आवाज आला, बिलकुल कानाशी. पण तिन्हीसांजेच्या हाकेला ओ देऊ नये म्हणून मी गप राह्यलो. बाकावर माझ्या बाजूला कुणीतरी बसलं होतं... त्यानं ओ दिली. आलो म्हणला, अन् उठून अंधारात चालायला लागला."

नंदाबाईच्या घराचं दार लोटलेलं होतं. अंगणात पत्रावळींचा ढीग, चुलीचा धूर, आणि आतून हसण्याचा आवाज. दोघांच्या हसण्याचा. बद्रीनाथनं कडी वाजवली. आतलं हसणं थांबलं. पावलं दाराशी आली.

नंदाबाईनं दार उघडलं. कपाळभर ठसठशीत कुंकू, चेहरा आनंदानं नुसता उजळलेला. तिनं भावाकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या माणसाकडे पाहिलं. आणि परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर पुढं ओढून घेतला.

"दादा," तिनं हळूच विचारलं, "पाहुणे कुठले?"