दाब… सोड

सांगतो, पण मधेच कुणी उठायचं नाही. ही माझ्या साडूची गोष्ट. गॅरेज त्याच्या घराला लागूनच आहे. माणूस सरळ. थाप मारायला गेला तर पहिलं त्यालाच हसू येतं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवेलागणीला डॉक्टर त्यांची जुनी जीप घेऊन आले. पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती. साडूनं चाक काढून त्यामागचा हब उतरवला. ऑइल सील फाटून ग्रीस पार ब्रेकवर आलेलं. बेअरिंगही झिजलेलं.

"पहाटे डोंगरावरच्या वस्तीतून एका बाळंतिणीला खाली आणायचंय," डॉक्टर म्हणाले. "दुसरी गाडी तिथं चढत नाही."

"मिळेल. तुम्ही निवांत झोपा."

जेवून तो कामाला बसला. ब्रेकवरचं ग्रीस पुसलं, नव्या बेअरिंगमध्ये नवं भरलं, सील ठोकून बसवलं, हब चढवला. राहिलं चाक लावून ब्रेक तपासायचं. त्याला पेडलवर दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागतो, आणि तो पाय नेहमी माझ्या मेहुणीचा. ती स्टेअरिंगमागे जाऊन बसली. हा पलीकडे, चाकापाशी उकिडवा.

चाक लागलं. जॅकवर गरागरा फिरलं.

"दाब."

थांबलं.

"सोड."

फिरलं.

"दाब."

थांबलं.

"सोड… अगं सोड की. डुलकी लागली का?"

चाक हलेना.

तेवढ्यात मागे घराचं दार वाजलं. दारात मेहुणी. हातात चहाचे दोन कप.

"अहो, कुणाशी बोलताय?"

हा बघतच राहिला.

"तू… आत कधी गेलीस?"

"मघाशीच. सांगून गेले की. तुमचं चाक लागेपर्यंत दूध उतू गेलं असतं."

"मग ब्रेक…"

"मी एकदाही दाबला नाही."

दोघांनी वाकून आत पाहिलं. सीट रिकामी. पेडल खाली. पार तळाला टेकलेलं.



मग मेहुणी हळूच म्हणाली, "चाक परत उघडा."

"कशाला?"

"सोडत नाहीये ना… उघडा तुम्ही."

त्यानं नटाला पाना लावला. पेडल वर यायला लागलं. आपोआप. हळू… हळू… खट.

त्यानं हब काढला. बेअरिंग पुसून दिव्याखाली धरलं. नवंकोरं बेअरिंग. बाहेरच्या कड्याला केसाएवढी चीर. उतारावर ते फुटलं असतं, तर चाक एकीकडे आणि जीप दरीत.

पेटीत दुसरं होतं. चारदा निरखून तेच घातलं. चाक लावलं.

आता ब्रेक परत बघायला हवा. मेहुणी गाडीत बसायला तयार नाही. हा तोंड उघडायला तयार नाही. त्यानं नुसतं चाक फिरवलं.

थांबलं.

…

फिरलं.

मग दोघं घरात गेली आणि कडी लावून बसली. दिवा काही मालवला नाही.

पहाटे डॉक्टर आले. साडूनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. पुढे बाळंतीण सुखरूप खाली आली, तिला मुलगी झाली, सगळं नीट झालं. पण त्या पहाटे गॅरेजातून निघताना डॉक्टर सीटवर बसले आणि लगेच उठले. सीटवर तळवा टेकवून बघितला. बाहेर एवढी थंडी, की काचेवर दव गोठलेलं.

"आत्ता इथून कोण उठलं?" त्यांनी विचारलं. "सीट गरम आहे."