क्षेत्रफळ उणे दोन

पेपर तपासताना सरोज बोधेबाईंना पहिला संशय आला तो कॉपीचा. वक्राखालच्या क्षेत्रफळाच्या प्रश्नाला एक पेपर सोडला तर सगळ्या वर्गाचं उत्तर एकच, उणे दोन, पायऱ्याही त्याच. पूर्वी काही मुलं आधी आलेख काढायची, काही थेट समीकरणावर तुटून पडायची. नाव झाकलं तरी बाई मूल ओळखायच्या. आता त्यातल्या कोणाच्याच पानावर आकृती नव्हती. पण उत्तर बाईंच्या नमुना उत्तराशी जुळत होतं. मग गुण द्यावेच लागले.

विद्यापीठात जूनपासून कपाळावर विचारपट्टी आली होती. डोक्यात चित्र उमटलं की निळा दिवा, चिन्हं सरकू लागली की पिवळा. ज्याला जसं सुचतं तसं त्याला शिकवावं, हा हेतू. उत्तर झटपट आलं की पट्टी कपाळाला हलकी गुदगुली करायची; चित्राला वेळ लागायचा, चिन्हांनी उत्तर लवकर यायचं. मुलं तिला शाबासकी म्हणायची. शिक्षकांनाही पट्टी सक्तीची होती आणि शाबासकी कोणाला नको असते?

एकट्या निनाद गवसला पट्टीने पुरळ यायचं, म्हणून त्याला सूट होती. नेमकं त्याचंच उत्तर वेगळं. या प्रश्नावर तो नापास होत होता. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"काय रे गवस, एवढं सोपं गणित, आणि उत्तर निघत नाही म्हणून लिहितोस?"

"मॅडम, काढून दाखवू?" त्याने फळ्यावर दोन्हीकडून वर चढणारा वक्र ओढला. "एक भागिले क्ष वर्ग, उणे एकपासून एकपर्यंत. शून्यापाशी हा वर जातो तो जातच राहतो. शिवाय सगळाच अक्षाच्या वर आहे. मग खालचं क्षेत्रफळ उणे कसं येईल?"

हेच चित्र काढून बाईंनी कित्येक वर्षं मुलांना बजावलं होतं, इथे फसू नका म्हणून. नमुना उत्तर लिहिताना मात्र ते डोळ्यांसमोर आलंच नव्हतं.

कपाटाच्या काचेत त्यांना स्वतःचं कपाळ दिसलं. दिवा पिवळा होता. त्यांनी घाईघाईने पट्टी काढली, डोळे मिटले आणि वक्र आठवायचा प्रयत्न केला. नुसती चिन्हं सरकत राहिली. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"माझं चुकलं का, मॅडम?" निनाद ओशाळून म्हणाला. "पुढच्या महिन्यात मला पुरळ न येणारी पट्टी मिळणार आहे. मग मलाही सगळ्यांसारखं जमेल ना?"